पाकृ: एशियन फ्यूजन चिकन सॅलड – चिकन मऊ, भाज्या कुरकुरीत, तळाशी पाणी नाही

खलबत्ता

नमस्कार मंडळी. या सॅलडच्या पाककृती ढिगाने सापडतात, पण बहुतेक जण सामानाची यादी देऊन मोकळे होतात. खरं काम यादीनंतर सुरू होतं. चिकनचा चोथा का होतो, भाज्यांना पाणी का सुटतं आणि ड्रेसिंग तळाशी का जाऊन बसतं, एवढं कळलं की एखादी भाजी कमी-जास्त झाली तरी चालतं. म्हणून प्रमाण आणि कृती दोन्ही सविस्तर देते आहे. सगळं सामान ठाण्यात किंवा नवी मुंबईत मिळतं.

चार जणांसाठी: बोनलेस चिकन ब्रेस्ट ५०० ग्रॅम, कोबी ३०० ग्रॅम, जांभळा कोबी १०० ग्रॅम, गाजर १५० ग्रॅम, काकडी २०० ग्रॅम, एक लाल किंवा पिवळी सिमला मिरची, पातीच्या कांद्याच्या चार काड्या, अर्धी जुडी कोथिंबीर, मूठभर पुदिना, भाजून सोललेले शेंगदाणे ६० ग्रॅम, भाजलेले पांढरे तीळ २ मोठे चमचे.

ड्रेसिंगला: लाइट सोया सॉस ३ मोठे चमचे, लिंबाचा रस ३ मोठे चमचे, किसलेला गूळ दीड मोठा चमचा, बिनसाखरेचं पीनट बटर २ मोठे चमचे, भाजलेल्या तिळाचं तेल १ मोठा चमचा, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल १ मोठा चमचा, किसलेलं आलं १ छोटा चमचा, लसणाच्या २ पाकळ्या, हिरव्या मिरच्या १-२. मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि छोटा ५ मिली, मापाचेच घ्या. पोह्याच्या चमच्याने मोजलंत तर सगळंच प्रमाण हलेल.

आता चिकन. दुकानात "अख्खा ब्रेस्ट द्या, तुकडे नकोत" असं आधीच सांगा, नाहीतर सवयीने सुरी चालतेच. घरी आणल्यावर त्याला एक छोटा चमचा मीठ चोळून, झाकून फ्रिजमध्ये किमान अर्धा तास ठेवा. रात्रभर ठेवलंत तर फारच छान. मीठ आत मुरलं की शिजताना मांस स्वतःचं पाणी धरून ठेवतं.

जाड बुडाच्या पातेल्यात ब्रेस्ट एका थरात ठेवा, वर दोन बोटं येईल इतकं गार पाणी घाला. त्यात आल्याच्या चार चकत्या, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग, पाच-सहा मिरी दाणे आणि गवती चहाची चार-पाच पाती गाठ मारून टाका. मध्यम आचेवर ठेवा. तळाशी बारीक बुडबुडे दिसायला लागले आणि पाण्याचा पृष्ठभाग नुसता थरथरू लागला की आच अगदी मंद करा. थर्मामीटर असेल तर पाणी ७५ ते ८० अंशांवर हवं. उकळी फुटू द्यायची नाही. अडीच सेंटिमीटर जाडीच्या ब्रेस्टला असे आठ ते दहा मिनिटं द्या, मग गॅस बंद करून झाकण ठेवा आणि आणखी दहा-बारा मिनिटं हात लावू नका. सगळ्यात जाड जागी मधोमध ७४ अंश आले की झालं. थर्मामीटर नसेल तर जाड भाग कापून बघा: आतून पूर्ण पांढरं आणि रस स्वच्छ हवा. गुलाबी दिसलं तर पुन्हा त्याच गरम पाण्यात पाच मिनिटं.

खळखळ उकळलं तर काय होतं? बाहेरचे धागे आतल्या भागाच्या कितीतरी आधी जास्त शिजतात, आकसतात आणि पिळून निघाल्यासारखे पाणी बाहेर टाकतात. आतलं शिजेपर्यंत बाहेरचं रबर होतं. कुकर म्हणूनच या कामाचा नाही.

चिकन कोमट झालं की हातानेच, धाग्यांच्या दिशेने सोडवा, काडेपेटीतल्या काडीच्या दुप्पट जाडीचं. फार बारीक केलंत तर ते ड्रेसिंगमध्ये विरून गायब होतं. लगेच त्यावर चिकन शिजवलेलं पाणी गाळून दोन चमचे आणि आधीच करून ठेवलेल्या ड्रेसिंगचा एक तृतीयांश भाग घालून कालवून ठेवा. कोमट असताना ते पटकन शोषून घेतं, फ्रिजमधलं गार चिकन घेत नाही. हे एक पाऊल गाळलं तर बाकी सगळं नीट करूनही चिकन फिकं लागतं.

भाज्या आणि ड्रेसिंगचं पुढच्या प्रतिसादात लिहिते.

पाचपाखाडी

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक शंका: चिकन धुवायचं कधी, मीठ लावण्याआधी का?

खलबत्ता

धुवायचंच नाही. नळाखाली धुतलं की शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर आणि सिंकमधल्या भांड्यांवर उडतात, आणि जंतू तर शिजल्यावरच मरतात. किचन पेपरने टिपून घ्या. रक्ताची गाठ वगैरे दिसली तर सुरीने काढा. या पाककृतीत हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण सगळ्या भाज्या कच्च्या आहेत. चिकनचा पाट आणि सुरी वेगळी ठेवा, किंवा भाज्या आधी चिरून बाजूला ठेवा आणि चिकनला मग हात लावा.

खलबत्ता

भाज्या. कोशिंबीर करणाऱ्याला हे सांगायला नको: मीठ लागलं की पाणी सुटतं, म्हणून आपण काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घालतो. इथे सोया सॉस म्हणजे मिठाचं पाणीच. त्यामुळे दोन गोष्टी करायच्या. ज्या भाजीत पाणी जास्त आहे तिचं आधीच काढून टाकायचं, आणि बाकीच्या भाज्या कोरड्या ठेवायच्या.

काकडी उभी चिरून चमच्याने बिया खरवडून काढा, तिरक्या चकत्या करा, अर्धा छोटा चमचा मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटं ठेवा. मग मुठीत धरून पिळा. २०० ग्रॅम काकडीतून वाटीच्या तळाला चांगलं पाणी निघतं, आणि तेच एरवी तुमच्या ताटात उतरलं असतं.

कोबी दोन-तीन मिलिमीटर रुंद, लांब चिरा. किसू नका, किसलेल्या कोबीच्या पेशी फुटतात आणि तो दहा मिनिटांत मलूल होतो. चिरलेला कोबी आणि गाजराच्या काड्या बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, म्हणजे पेशी पाणी पिऊन ताठ होतात. पण नंतर कोरडं करायला विसरू नका. चाळणीत निथळून, स्वच्छ सुती पंचावर पसरून, गुंडाळून हलक्या हाताने दाबा. पंचा ओला झाला तर दुसरा घ्या. भाजीला पाणी चिकटलेलं राहिलं तर ड्रेसिंग तिला चिकटतच नाही, घसरून खाली जातं. तळाशी साठणाऱ्या पाण्याचं हे दुसरं कारण, आणि लोक दोष मात्र ड्रेसिंगला देतात.

जांभळा कोबी वेगळ्या भांड्यात धुवा आणि सगळ्यात शेवटी घाला, नाहीतर चिकन गुलाबी होतं.

ड्रेसिंगचा क्रम: आधी लिंबाच्या रसात आणि सोया सॉसमध्ये गूळ पूर्ण विरघळवा. तेलात गूळ विरघळत नाही, खडे तसेच दाताखाली येतात. दुसऱ्या वाडग्यात पीनट बटर घेऊन त्यात एक-एक चमचा गरम पाणी घालत फेटा. पहिल्या चमच्याला ते घट्ट होऊन गोळा बनतं, फाटल्यासारखं दिसतं. घाबरून तेल ओतू नका. दुसऱ्या-तिसऱ्या चमच्याला ते सैल होऊन फिकट, गुळगुळीत होतं. आता त्यात लिंबू-सोया थोडं थोडं घाला, मग आलं, ठेचलेला लसूण, मिरची, आणि शेवटी दोन्ही तेलं धार धरून फेटत. चमचा बुडवून काढला की पाठीवर पातळ थर राहायला हवा. एवढी दाटी असेल तर ते पानाला धरून राहतं.

वाढायच्या दहा मिनिटं आधी सगळं एकत्र करा. आधी कोबी, गाजर, सिमला मिरची आणि निम्मं उरलेलं ड्रेसिंग, हातानेच खालून वर. मग चिकन, काकडी, पाती, कोथिंबीर, पुदिना. चव बघून उरलेलं ड्रेसिंग. दाणे आणि तीळ ताटात वाढल्यावर.

तिखटमीठ

उत्तम धागा. ब्रेस्टऐवजी मांडीचं बोनलेस घ्यावं असं माझं ठाम मत आहे. चरबी आणि कोलॅजन जास्त, त्यामुळे पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चोथा होत नाही, आणि चवीला ब्रेस्ट त्याच्या जवळपास येत नाही.

खलबत्ता

चवीबद्दल अनुमोदन. पण मांडी ७४ अंशांवर काढली तर चिवट लागते, तिला ८०-८५ अंशांपर्यंत न्यावं लागतं. म्हणजे ब्रेस्टपेक्षा जास्त गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात पंधरा-अठरा मिनिटं आणि वर दहा मिनिटं झाकून. गार झाल्यावर तिची चरबी थिजते आणि थंड सॅलडमध्ये टाळूला चिकटते, म्हणून मी थंड वाढायचं असेल तर ब्रेस्ट आणि कोमट वाढायचं असेल तर मांडी असं सुचवेन. नव्याने करणाऱ्याने मांडीपासून सुरुवात केली तर हरकत नाही.

सुगरणपक्षी

दोन प्रश्न. भाजलेल्या तिळाचं तेल म्हणजे किराणावाल्याकडचं तिळाचं तेल चालेल का? आणि सोया सॉसच्या बाटल्यांवर लाइट आणि डार्क लिहिलेलं असतं, त्यात लाइट म्हणजे कमी मिठाचं का?

घाणा_आणि_तेल

तेलाचं सांगतो. घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं, पिवळसर आणि मंद वासाचं. एशियन स्वयंपाकातलं तेल आधी तीळ भाजून काढतात, ते गडद तपकिरी असतं आणि अर्धा चमचाही जाणवतो. एकाच्या जागी दुसरं घातलं तर नुसता तेलकटपणा वाढतो, वास येत नाही. मोठ्या सुपरमार्केटमध्ये ते लहान बाटलीत मिळतं. नसेल तर दोन मोठे चमचे पांढरे तीळ मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा, खलबत्त्यात अर्धवट कुटा, तीन मोठे चमचे घाण्याचं तेल कोमट करून त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि गाळा. तीळ काळपट झाले तर टाकून द्या, कडू तेल कशानेही सुधारत नाही. कोणतंही घेतलंत तरी ते तापवायचं नाही, वास उडून जातो.

सोयाचं: लाइट म्हणजे रंगाने फिकं आणि पातळ. मीठ उलट जास्तच असतं. डार्क दाट असतं, किंचित गोड, रंगासाठी. सॅलडमध्ये डार्क घातलं तर सगळं चॉकलेटी दिसतं आणि चव जड होते. बाटलीच्या मागे घटक वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी आणि आंबवलेलं असं लिहिलेलं घ्या. कॅरमल रंग यादीत वरच असेल तर ती बाटली मंच्युरियनला ठेवा.

पाचपाखाडी

लिंबाऐवजी व्हिनेगर?

घाणा_आणि_तेल

तांदळाचं व्हिनेगर असेल तर अडीच मोठे चमचे. घरातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नाकात जातं, ते नको. त्यापेक्षा लिंबू केव्हाही बरं. मध्यम लिंबाचा साधारण एक मोठा चमचा रस धरा.

मालवणी_डबा

या धाग्यात आपल्या किनाऱ्याची थोडी भर घालते, कारण फ्यूजन म्हणायचं आणि कपाटातला अर्धा खजिना विसरायचा हे बरोबर नाही.

पहिला जवळा. व्हिएतनाम आणि थायलंडच्या सॅलडमध्ये फिश सॉस किंवा सुकी कोळंबी असते, तिच्यामुळे चवीला खोली येते. फिश सॉस मिळाला तर एक मोठा चमचा घाला आणि सोया एक चमचा कमी करा. नसेल तर एक मोठा चमचा सुका जवळा चाळणीवर घोळवून रेती-कचरा काढा, कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता. बोटात धरून चुरला गेला की झाला. गार करून पूड करा. त्यातली एक छोटा चमचा पूड ड्रेसिंगमध्ये. कच्चट भाजलात तर ताटभर वास येतो, नीट भाजलात तर जवळा आहे हे कळतही नाही, फक्त चव भरते. कोळंबीची अॅलर्जी असणाऱ्यांना वाढण्याआधी सांगा, जवळा त्याच कुळातला.

दुसरं तिरफळ. चीनच्या सिचुआन प्रांतातलं जिभेला झिणझिण्या आणणारं मिरं हे तिरफळाचंच भावंड. बांगड्याच्या तिखल्यात आपण ते अख्खं ठेचून घालतो. इथे चार-पाच तिरफळं घ्या, आतली काळी बी काढून टाका (ती दाताखाली वाळूसारखी लागते), साल हलकं भाजून कुटा. चिली ऑइल असं करा: दोन मोठे चमचे ब्याडगीची जाडसर भरड, एक छोटा चमचा तीळ, ही तिरफळाची पूड आणि चिमूट मीठ स्टीलच्या वाडग्यात घ्या. अर्धी वाटी तेल धूर दिसेपर्यंत तापवून गॅस बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. मिरचीचा एक तुकडा टाकून बघा: फेसाळून वर आला आणि लालच राहिला तर तेल ओता. काळा पडला तर अजून थांबा. फोडणी कळते त्याला हे जमतंच. प्रत्येकाने ताटात वरून एक चमचा घ्यायचं. ज्या सिचुआन पदार्थावरून ही कल्पना आली त्यात शिजलेलं चिकन काठीने ठोकून धागे मोकळे करतात. लाटण्याने हलके ठोके दिले तर ब्रेस्ट सोडवायला सोपं जातं आणि मसालाही आत शिरतो.

हे मिश्रण नवीन नाही, तेही सांगून टाकते. अमेरिकेत चायनीज चिकन सॅलड म्हणून जे मिळतं, तळलेल्या कुरकुरीत पट्ट्या घातलेलं, ते चीनमधलं नव्हे, तिकडच्या रेस्टॉरंटांत वाढलेलं. कोबी, पुदिना, लिंबू आणि फाडलेलं चिकन ही जोडी व्हिएतनामच्या गोई गा या चिकन सॅलडमधली. दोन्हीकडून घेतलंत तर एकच सांभाळा: पीनट बटरचं दाट ड्रेसिंग आणि फिश सॉस-लिंबाचं पातळ ड्रेसिंग एकाच वाडग्यात ओतू नका, चव गढूळ होते. फिश सॉस जास्त हवा असेल तर पीनट बटर पूर्ण काढा आणि दाण्यांचं भरडसर कूट वरून घाला.

सुगरणपक्षी

क्या बात है! तिरफळ ठाण्यात कुठे?

मालवणी_डबा

मालवणी मसाले आणि कोकणी सामान ठेवणाऱ्या कुठल्याही दुकानात. जांभळी नाक्याच्या बाजारात मसाल्याच्या दुकानांत विचारा. उघडं मिळालं तर हातावर चुरून वास घ्या, वास नसेल तर जुनं आहे.

घोडबंदर

चायनीज कोबी, लाल-पिवळी सिमला मिरची, थाई तुळस हे सगळं एपीएमसीला स्वस्त पडेल ना?

ट्रान्सहार्बर

वाशीचं एपीएमसी मार्केट घाऊक आहे, पाव किलोसाठी तिकडे जाण्यात अर्थ नाही. नवी मुंबईत सेक्टरच्या मंडईत किंवा ठाण्यात गावदेवीच्या बाजारात रंगीत सिमला मिरची आणि जांभळा कोबी मिळतो. चायनीज कोबी नाही मिळाला तर अडू नका. तो मऊ आणि पाणीदार असतो, आपला साधा कोबी या ड्रेसिंगला जास्त वेळ टिकतो. थाई तुळशीऐवजी घरची तुळस घालू नका, उग्र लागते. कोथिंबीर-पुदिना पुरे.

हंगामाप्रमाणे मात्र बदला. एप्रिल-मेमध्ये कैरीच्या काड्या ५० ग्रॅम घाला आणि लिंबू दोन चमच्यांवर आणा. गणपतीच्या सुमारास पपनस येतं. फोडींचा पांढरा पापुद्रा पूर्ण काढा, तोच कडू असतो. आतला गर हाताने मोकळा करून अगदी शेवटी टाका, आधी कालवला तर फुटून रस सुटतो. हिवाळ्यातलं लाल गाजर गोड असतं पण रंग सोडतं, नारंगी गाजर कुरकुरीत राहतं.

तिखटमीठ

मोड आलेले मूग?

ट्रान्सहार्बर

चालतील, पण कच्चे नकोत, पावसाळ्यात तर नकोतच. उकळत्या पाण्यात एक मिनिट, लगेच गार पाण्यात, मग कोरडे. घरच्या आखूड मोडाच्या मुगाला दीड मिनिट द्या.

आयटी_पार्क_ऐरोली

डब्यात न्यायचं असेल तर? सकाळी आठला निघतो, जेवण दीडला. ऑफिसात फ्रिज आहे.

ट्रान्सहार्बर

मग सोपं आहे. शिजलेलं चिकन खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पारा ३२ च्या वर असेल तर एकच तास. ठाण्याहून गाडीत बसून ऐरोलीला पोहोचेपर्यंत आइस पॅकची पिशवी वापरा आणि पोहोचताच फ्रिजमध्ये. चिकन आदल्या रात्री करून पूर्ण गार केलेलं हवं, सकाळी गरम करून भरू नका.

उभ्या डब्यात थर असे: तळाशी ड्रेसिंग, त्यावर चिकन, मग गाजर-सिमला मिरची, मग कोबी, वर पाला. काकडी डब्यात घालूच नका. दाणे-तीळ वेगळ्या डबीत. खाताना हलवून घ्या. नुसतं चिकन फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं, चिरलेला कोरडा कोबी दोन दिवस, कालवलेलं सॅलड मात्र त्याच वेळी संपवा.

घोडबंदर

त्या कुरकुरीत पट्ट्या घरी कशा करायच्या?

खलबत्ता

तयार समोसा पट्टी आणा. अर्धा सेंटिमीटर रुंद कापा, सुट्या करा, मध्यम गरम तेलात फिकट सोनेरी होताच काढा. बाहेर आल्यावर रंग आणखी चढतो. दुसरा पर्याय राइस शेवयांचा: न भिजवता, कडक तापलेल्या तेलात लहान झुबका टाका, तीन-चार सेकंदांत फुलून पांढरा होतो. तेल कमी तापलेलं असेल तर फुलत नाही, तारेसारखा कडक राहतो आणि दाताला लागतो. आधी एक शेवई टाकून बघा. पावसाळ्यात आपल्या हवेत दोन्ही अर्ध्या तासात सादळतं, पूर्ण गार होताच घट्ट डब्यात बंद करा.

पाचपाखाडी

सोसायटीच्या कार्यक्रमाला २५ जणांसाठी करायचं आहे. सगळं सहापट करू का?

खलबत्ता

जेवणातला एक पदार्थ म्हणून असेल तर तिप्पट पुरे, म्हणजे चिकन दीड किलो. सॅलड हेच जेवण असेल तर सहापट. चिकन, भाज्या, सोया, लिंबू, गूळ, तेल सरळ त्या पटीत वाढवा. लसूण, मिरची आणि आलं मात्र सहापटीला चारपटच घ्या आणि चव बघून वाढवा, मोठ्या घाण्यात त्यांचा तिखटपणा पुढे येतो.

तीन किलो चिकन एका पातेल्यात कोंबू नका. मधल्या तुकड्यांपर्यंत उष्णता पोहोचत नाही आणि बाजूचे जास्त शिजतात. किलो-किलोने करा. दुसऱ्या घाण्याला पाणी आधीच गरम असतं, तेव्हा ८० अंशांवर चिकन सोडून आच तशीच राखा आणि वेळ पाण्याने पुन्हा तापमान धरल्यावर मोजायला घ्या. प्रत्येक घाण्यातला सगळ्यात जाड तुकडा कापून बघा. शिजलेलं चिकन ढिगाने ठेवू नका, परातीत पसरून कोमट होताच सोडवा, ड्रेसिंग लावा आणि उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये घाला. उरलेलं पाणी गाळून ठेवा, चिकनच्या भातासाठी यासारखं पाणी नाही.

भाज्या सकाळी चिरून कोरड्या करून, डब्यात तळाला पंचा घालून ठेवा. कालवायचं मात्र एकदम नको. आठ-आठ जणांचं परातीत कालवून टेबलावर न्या, ते संपत आलं की पुढचं.